चिमट्यावरची रेघ

"हात दाखवा बरं."

गाडी स्टँडवर लागायच्या आधी हे वाक्य यायचं. मी दोन्ही तळहात पुढे करायचो, उलटे करून पुन्हा दाखवायचो, आणि साहेब चष्मा कपाळावर चढवून माझ्या बोटांच्या फटींत बघायचे. दुसऱ्या कुणाच्या गाडीचा झिजका नट माझ्या मुठीत दडलेला नाही, याची खात्री झाली की मान हलवून म्हणायचे, "हं, लावा आता पाना." मिस्त्री लोक चांगलं सामान काढून घेतात आणि रद्दी आत बसवतात, हे त्यांच्या डोक्यात कायमचं बसलेलं होतं. कुणी बसवलं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. दाराला कुलूप लावून ते ओढून बघणारा, आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर पुन्हा एकदा ओढायला परत येणारा. पण आमच्या साहेबांपुढे ती सगळी मंडळी भोळी ठरली असती. साहेबांना जाऊन आता काही वर्षं झाली. तरी गॅरेजमध्ये कुणी "मिस्त्री, जरा इकडं या," म्हटलं की माझे तळहात अजून आपोआप वर होतात.

त्यांच्या संशयात भेदभाव मुळीच नव्हता, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगेन. ईदला मी शीरखुर्म्याचा डबा पाठवला की ते विचारायचे, "दूध कुठलं?" आणि त्यांच्या गल्लीतल्या देवळात हातावर तीर्थ पडलं की पुजाऱ्याला विचारायचे, "पाणी कुठल्या टँकरचं?" पुजारी चिडायचे. मी चिडत नसे, कारण माझा डबा दुसऱ्या दिवशी चाटूनपुसून रिकामा परत यायचा.

टँकरचा प्रश्न त्यांच्या तोंडी यायला कारण होतं. साहेब सरकारी कचेरीत टंचाईचं काम बघायचे. दुष्काळाच्या वर्षांत गावोगावी पाण्याचे टँकर जात, आणि टँकर खरोखर गावात पोचला का, भरलेला पोचला का, हे तपासणं हा त्यांच्या नोकरीचा भाग होता. बाकीचे लोक हे काम टेबलावर बसून करायचे म्हणे. साहेब टँकरच्या मागे मोटारसायकल लावायचे. पाचोडच्या रस्त्याला धुरळ्याचा एक मोठा लोट दिसला आणि त्याच्यामागे एक छोटा लोट दिसला, तर छोटा आमच्या साहेबांचा समजायचा.

इकडे शहर वाढत होतं. माझं गॅरेज गारखेड्याकडच्या रस्त्यावर, अजून तिथंच आहे, फक्त रस्ता रुंद होत गेला तसं मागे मागे सरकलं. मी दुकान टाकलं तेव्हा समोर ज्वारीचं रान होतं. मग रानात चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉट झाले, प्लॉटवर सळया उभ्या राहिल्या. बांधकामाला पाणी लागतं, आणि पाणी कुठेच नव्हतं. एकदा गावाकडे निघालेला टँकर मधेच वळून अशाच एका बांधकामाच्या हौदावर गेला. साहेबांनी तो लांबून टायरवरून ओळखला. भरल्या टँकरचं टायर खाली फुगलेलं असतं, ते यांना दुरूनही दिसायचं. हौदाशी पोचून त्यांनी ड्रायव्हरला खाली उतरवलं.

तो ड्रायव्हर नंतर माझ्याकडे पंक्चर काढायला आला होता. म्हणाला, "मिस्त्री, तो सायेब लई शक्की माणूस हाय बगा. पाणी सांडंल म्हनून मी हळू चालवलं तरी त्याला शक, जोरात चालवलं तरी शक. मानसानं जगावं कसं?"

मी म्हटलं, "पाणी गावात न्यायचं. मग शक कामून येईल?"

तो हसला नाही. चाक घेऊन गेला.

त्या प्रकरणानंतर साहेबांच्या गाडीची मागच्या ब्रेकची वायर अर्धी तुटलेली निघाली. झिजून तुटली की कुणी कापली, हे मला छातीठोकपणे सांगता आलं नाही. मी तसं खरं सांगितलं, आणि तिथेच माझं चुकलं. झिजली म्हणून मोकळा झालो असतो तर पुढचं सगळं वाचलं असतं. त्या दिवसापासून गाडीवरचा प्रत्येक ओरखडा साहेबांना कुणाचा तरी डाव वाटायला लागला. गाडी माझ्याकडे असली की ते मी पालथ्या घातलेल्या ऑइलच्या डब्यावर बसायचे, तोंड माझ्याकडे, आणि पापणी हलवायचे नाहीत. समोरून वरात जाऊ दे, नाहीतर भांडण लागू दे.

गाडी म्हणजे जुनी दोन सायलेन्सरवाली. बनवणारा कारखाना केव्हाच बंद झालेला. दणकट होती, पण पाचोड आणि कन्नडकडच्या रस्त्यांनी तिचा चिमटा पार खाल्ला.

चिमटा म्हणजे काय ते सांगतो. मोटारसायकलचं मागचं चाक ज्या दोन पायांच्या लोखंडी दांड्यात बसतं, त्याला आम्ही चिमटा म्हणतो. तो पुढच्या टोकाला एका जाड पिनेवर बसवलेला असतो आणि खड्डा आला की त्या पिनेवर वरखाली होतो. पिन आणि चिमटा यांच्यामध्ये बुश असतात, धातूच्या लहान नळ्या. झीज त्यांनी सोसायची. वेळच्या वेळी ग्रीस मिळालं तर ते वर्षानुवर्षं चालतात. नाही मिळालं आणि आत धूळ गेली की खाल्ले जातात, आणि मग मागचं चाक डावं-उजवं डोलायला लागतं. सपाट रस्त्यावर ते नुसतं विचित्र वाटतं. घाटातल्या वळणावर त्यानेच माणूस जातो.

साहेबांच्या गाडीचे बुश बाजारात मिळत नव्हते, म्हणून मी लेथवर गनमेटलचे करून घेतले. साहेब लेथवरही हजर. इतके जवळ उभे की धातूचा कीस त्यांच्या शर्टावर उडत होता. बुश तयार झाल्यावर त्यांनी खिळ्याने दोन्हींवर स्वतःची खूण ओढली. मग ते माझ्या हातून चिमट्यात बसेपर्यंत त्यांच्याच मुठीत होते. पिन घातली, नट आवळला, आणि साहेबांनी खिशातून एक छोटी बाटली काढली. लाल नेलपॉलिश. ब्रशने त्यांनी नटावरून थेट फ्रेमवर एक बारीक, सरळ रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटणार. टँकरच्या झाकणाला सील लावतात, तसं हे सील.

"वहिनींचं?" मी बाटलीकडे बघत विचारलं.

"घरातलं," ते म्हणाले. "लग्नकार्याशिवाय ती लावत नाही. पडूनच असतं."

"साहेब, तीनचार महिन्यांनी आणा. पिन काढून ग्रीस भरू."

"पिन काढायची?"

"हौ ना. हिला बाहेरून ग्रीस भरायची सोय नाही."

"म्हणजे रेघ तुटणार."

"तुटणार."

"मग नाही," साहेब म्हणाले आणि किक मारली.

मी पुष्कळ समजावलं. धूळ किती आहे बघा, म्हटलं. बुश सुके पडले की काय होतं ते दुसऱ्या गाडीचे जुने बुश हातात देऊन दाखवलं. त्यांनी ते उन्हात धरून बघितले आणि विचारलं, "हे खरंच त्याच गाडीचे कशावरून?" पुढे मी तो विषय सोडला.

उन्हाळा तापल्यावर एक बाई भाजीची पिशवी घेऊन गॅरेजच्या दाराशी उभ्या राहिल्या. ठेंगण्या, हसऱ्या, पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला. साहेबांच्या मागे बसून जाताना मी त्यांना पाहिलं होतं.

"भाऊ, यांची गाडी तुम्हीच बघता ना?"

"मी कुठला बघतो वहिनी, तेच माझ्याकडं बघत बसतात."

त्या हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "गाडी मागनं डोलतेय. मला मागं बसल्यावर कळतं. परवा कन्नडला माहेरी गेलो होतो, पुढं घाटात देवाला. सगळ्या वळणांवर मी जीव मुठीत धरून बसले होते. यांना म्हटलं तर म्हणाले, तू हलतेस."

"ग्रीस भरायला पाहिजे. पण साहेबांची रेघ आहे ना."

"रेघेचं मी बघते," वहिनी म्हणाल्या. "बाटली माझी आहे."

बुधवारी साहेब अधिकाऱ्यांबरोबर जीपने जाणार होते. गाडी घरी, अर्थात हँडल लॉक करून, चावी साहेबांच्या खिशात. मला चावीशी कर्तव्य नव्हतं. भाजीवाल्यासारखी पिशवी घेऊन मी त्यांच्या अंगणात शिरलो, पिशवीत पाने आणि ग्रीसचा डबा. वहिनी ओट्यावर ताटात तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि त्यांचं लक्ष सगळं गल्लीच्या तोंडाकडे होतं. मी थिनरच्या चिंधीने ती लाल रेघ पुसली. पिन बाहेर काढली तर बुश ठणठणीत कोरडे, आत तांबडी पूड. अजून एक उन्हाळा गेला असता तर काय झालं असतं, ते मी वहिनींना सांगितलं नाही. पुसून ग्रीस भरलं, पिन घातली. वहिनी तांदूळ सोडून आल्या, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवून बघितलं आणि म्हणाल्या, "आता बरं आहे. नाही ना हलत?" मग मी नट आवळला आणि त्यांनी रेघ ओढली. साहेबांपेक्षा सुबक.

मी निघणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा, असं चकचकीत दिसलं तर हे ओळखतील." अंगणातली मूठभर माती घेऊन त्यांनी ती पुसलेल्या जागेवर हलकेच फुंकली, पोळीवर पीठ भुरभुरावं तशी. धुळीची त्या वर्षांत कमी नव्हतीच.

"भाऊ, मी यांना फसवतेय असं वाटतं का तुम्हाला?"

"मला एवढंच माहीत आहे वहिनी, की गाडी आता सरळ चालेल."

"हे सगळ्या जगावर नजर ठेवतात," त्या म्हणाल्या. "यांच्यावर कुणी ठेवायची?"

मग ते ठरूनच गेलं. साहेब जीपने जायचे असले की वहिनी भाजी घ्यायच्या निमित्ताने माझ्या दुकानावरून जायच्या आणि न थांबता वार सांगायच्या. एकदा तर बुश बदलावेच लागले, तेव्हा साहेबांची खिळ्याची खूण मी नव्या बुशांवर हुबेहूब ओढली. ती आत, कुणाला दिसणार नव्हती. पण साहेबांची सवय मला लागली होती त्याला काय करणार.

पकडला जाण्याची वेळ आली नाही असं नाही. एका संध्याकाळी साहेब गॅरेजमध्ये आले, गाडी बाहेरच उभी करून.

"काल आमच्या गल्लीत होता म्हणे तुम्ही."

"हौ. तिथं कोपऱ्यावरची स्कूटर बघायला आलो होतो."

"हात दाखवा बरं."

मी हात दाखवले. त्यांनी या वेळी वाकून वासही घेतला. ग्रीसचा वास मिस्त्रीच्या हाताला नाही तर कुणाच्या हाताला येणार? साहेब बाहेर गेले, गाडीपाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. भिंग आणलं होतं. शेवटी गुडघे चोळत उठले आणि म्हणाले, "रेघ जागेवर आहे. म्हणजे तुम्ही खरं बोलताय." एवढ्या संशयी माणसाने रेघ सरळ आहे की नाही बघितलं, तुटली की नाही बघितलं, पण रेघ ओढणारी बाटली घरात कुणाच्या कपाटात असते, याचा विचार केला नाही. त्यांच्या संशयाला घराचा उंबरा ओलांडून आत जायची सवयच नव्हती.

उलट ते माझ्याच दुकानात लोकांना सांगायचे, "बघा, इतकी वर्षं पिनेला कुणाला हात लावू दिला नाही. म्हणून बुश टिकले. हे मिस्त्री म्हणत होते ग्रीस पाहिजे, ग्रीस पाहिजे." आणि माझ्याकडे बघून मिश्कील हसायचे. मी पण मान डोलवायचो. मला राग यायचा आणि हसूही यायचं, पण घाटातून ते दोघं सुखरूप परत आलेले दिसले की दोन्ही जायचं.

साहेब निवृत्त झाले. समोरच्या रानाचं आता नावही राहिलं नव्हतं. तिथे दुकानांची रांग झाली, वर माणसं राहू लागली, आणि त्यांच्यासाठी पुन्हा टँकर आले. साहेबांना काम लागलं. कॉलनीचा टँकर आला की ते टायर बघायला ओट्यावरून खाली उतरायचे. जीप मात्र आता नव्हती, म्हणून वहिनींनी साहेबांची दुपारची झोप धरली. साहेब जेवून आडवे झाले की मी जायचो. खिडकीतून घोरणं ऐकू यायचं आणि मी श्वास रोखून पाना फिरवायचो.

शेवटच्या वेळी गेलो ती थंडी होती. वहिनी ओट्यावर शालीत बसल्या होत्या, तांदळाचं ताट नव्हतं. चाक त्यांनी धरलं, पण हलवायला जोर लागेना. मी म्हटलं, राहू द्या. रेघ मी ओढतो म्हटलं, तर त्यांनी ऐकलं नाही. बाटली उघडताना झाकण हातातून पडलं. रेघ ओढली, ती मधेच थोडी वाकडी गेली. त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"पुसून परत ओढू का, भाऊ?"

आतून साहेबांचं खाकरणं ऐकू आलं. "राहू द्या," मी म्हटलं. "कोण बघतंय."

उन्हाळा लागायच्या आत वहिनी गेल्या. मला फार वाईट वाटलं. चोरून केलेलं काम असलं तरी इतकी वर्षं आम्ही दोघांनी मिळून केलं होतं, आणि तिथे जमलेल्या माणसांत हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मी अंगणात एका बाजूला उभा राहिलो. ओट्याशी गाडी उभी होती. नको नको म्हणताना माझी नजर चिमट्यावर गेली.

पुढे साहेब फारसे दिसले नाहीत. उन्हाळा गेला, नावापुरता पाऊस झाला, पुन्हा उन्हाळा आला. मग एका सकाळी ती दोन सायलेन्सरची गाडी हळूहळू येताना ऐकू आली. साहेब वाळले होते. गाडी स्टँडवर लावली आणि माझे हात बघायला न मागता म्हणाले, "मागनं हलतेय."

मी वाट बघत राहिलो. पुढचं वाक्य मला पाठ होतं, कुणीतरी काहीतरी केलंय. बोलायचं काय, खोटं किती आणि खरं किती, याची मनात जुळवाजुळव चालली होती.

"आता कुणी काही करत नाही," साहेब म्हणाले. "म्हणून हलतेय."

मी पाना खाली ठेवला.

"ती शेवटची रेघ वाकडी होती, मिस्त्री. माझी रेघ वाकडी जात नाही. तुमची म्हणावी तर तुमच्या बोटांचा काळा डाग कुठंतरी लागला असता. मग उरलं कोण?"

"कधी कळलं साहेब?"

"दुसऱ्याच दिवशी."

"मग वहिनींना विचारलं नाही?"

साहेबांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. "ती ताट वाढताना दोन्ही हातांनी धरायची. मला वाटायचं, गरम असेल. तिचा हात कापतोय हे मला त्या रेघेवरून कळलं. एवढं सगळं बघत आलो, पण हे नाही बघितलं. मग तिला काय तोंडानं विचारायचं?"

रस्त्यावरून एक टँकर सांडत गेला आणि साहेबांनी त्याच्याकडे मान वळवली नाही.

"हात दाखवा बरं," ते म्हणाले.

मी सवयीने दोन्ही तळहात पुढे केले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला नाही. खिशातून ती छोटी बाटली काढली आणि माझ्या काळ्या हातावर ठेवली. तळाशी थोडं लाल उरलं होतं. "तुम्हीच ओढा," म्हणाले.

मग त्यांनी ऑइलचा डबा उचलला, दारात रस्त्याच्या बाजूला तोंड करून ठेवला आणि त्याच्यावर बसले. मी पिन काढली, बुश पुसले, ग्रीस भरलं, नट आवळला, रेघ ओढली. त्या सगळ्या वेळात साहेब एकदाही वळले नाहीत. इतक्या वर्षांत माझं काम चालू असताना त्यांची पाठ मी पहिल्यांदा बघत होतो. शर्टाची कॉलर मागच्या बाजूने उसवली होती, आणि ते त्यांना सांगणारं आता मागे कुणी नव्हतं.